नकाशा उलटा धरला म्हणून मी गुण कापले

पेट निघाली, कोर्सवर्क झालं, आता सिनॉप्सिस लिहायची आहे, अशा टप्प्यावर तुम्ही असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. 'वैधता आणि विश्वसनीयता यांतला फरक सांगा' हा प्रश्न आपण नेटच्या पहिल्या पेपरसाठी घोकतो, त्याचं उत्तर लिहून येतो आणि विसरतो. मलाही ते उत्तर तोंडपाठ होतं. तरीही माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात हे वाक्य होतं : 'इयत्ता चौथीच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना नकाशावाचनाचे प्राथमिक कौशल्य अवगत नाही.' भाषा छान, वाक्य चूक. ते चूक आहे हे मला वाशिम जिल्ह्यातल्या एका मुक्कामी सहलीत कळलं.

आधी थोडं मागचं सांगते. सहलीच्या आठवडाभर आधी मी त्या प्राथमिक शाळेत जाऊन पूर्वचाचणी घेतली होती. शाळेच्या परिसराचा साधा नकाशा हातात द्यायचा, मुलाला अंगणात उभं करायचं आणि विचारायचं, 'विहीर कुठल्या बाजूला? आता तू कुठे उभा आहेस?' निरीक्षण मी आणि माझी एक मैत्रीण अशा दोघी स्वतंत्रपणे नोंदवत होतो. आमच्या तक्त्यात एक रकाना होता : 'नकाशा योग्य रीतीने धरला – होय / नाही'. योग्य रीत म्हणजे उत्तर वर. भिंतीवरच्या नकाशासारखी.

एक मुलगा कागद हातात घेतला की तो गरागरा फिरवायचा. अक्षरं उलटी झाली तरी त्याला काही वाटायचं नाही. दोघींनी त्याच्यापुढे 'नाही' लिहिलं. असं करणारी आणखीही मुलं होती आणि त्यांच्याही नोंदी आमच्या दोघींच्या तंतोतंत जुळल्या. मला तेव्हा आनंद झाला होता. दोन निरीक्षक, एकच निकाल, म्हणजे साधन विश्वसनीय!

सहल होती कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या परिसरात, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, दोन दिवस आणि एक रात्र. मुक्काम जवळच्या गावातल्या शाळेत. चौथीचा वर्ग, दोन शिक्षक, स्वयंपाकाला दोन मावश्या आणि मदतनीस म्हणून मी. तुमच्या अभ्यासात मुलं असतील तर एक गोष्ट इथेच लिहून ठेवा. सहलीची परवानगी आणि संशोधनाची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालकांनी 'सहलीला पाठवतो' अशी सही केली म्हणजे 'माझ्या मुलाच्या नोंदी घ्या' असं होत नाही. पालकांची लेखी संमती वेगळी घ्यावी लागते आणि मुलालाही त्याला कळेल अशा शब्दांत विचारावं लागतं. मूल नाही म्हणालं तर नाही. सहलीला मात्र ते येणारच.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही पांदणीने माळाकडे निघालो. गटागटाला मी हाताने काढलेला नकाशा दिला होता. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा मी सोबत नेला होता, पण दाखवण्यापुरता. त्याचं गणित करून बघा. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. अभयारण्य सुमारे १८ चौरस किलोमीटरचं, म्हणजे कागदावर ७२ चौरस सेंटिमीटर, पोस्टकार्डापेक्षाही लहान. मुलं सकाळभर तीन किलोमीटर चालतात आणि कागदावर बोट सहा सेंटिमीटर सरकतं. नऊ वर्षांच्या मुलाचे पाय दुखायला लागले तरी नकाशात काहीच घडत नाही. म्हणून लहान मुलांना आधी मोठ्या प्रमाणावरचा, आपल्या शिवाराचा नकाशा हवा, ज्यात धुरा दिसतो, पांदण दिसते, कडुनिंब दिसतो.

नाल्याच्या वळणावर आम्ही थांबलो. तिथे पांदण दक्षिणेकडे वळते. 'आपण कुठे आहोत?' कागद नीट, उत्तर वर धरून बसलेली मुलं गोंधळली. त्यांचं डावं-उजवं कागदाच्या उलट झालं होतं. तो गरागरा फिरवणारा मुलगा मात्र कागद उलटा करून मातीवर ठेवून बसला आणि म्हणाला, "मॅडम, आता बराबर बसला. नाला माह्या डाव्या हाताले, कागदातबी डाव्या हाताले."

मी काही क्षण गप्पच होते. जमिनीशी नकाशा जुळवून घेणं ही नकाशावाचनाची पहिली पायरी आहे. स्काऊटला ती शिकवतात, सैनिकाला शिकवतात, मला एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात शिकवली होती. हा मुलगा ती स्वतःहून करत होता आणि मी त्याचे गुण कापले होते. आम्हा दोघींच्या नोंदी जुळल्या, कारण आम्ही दोघी एकच चुकीची गोष्ट एकसारखी मोजत होतो. विश्वसनीयता होती, वैधता नव्हती. परीक्षेत चार ओळींत लिहितो तो फरक मला त्या नाल्यावर कळला.

या विषयावरचं जुनं संशोधन वाचताना हीच अडचण वेगळ्या रूपात भेटते. अमेरिकेत ज्युडी डीलोश यांनी १९८७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीच्या छोट्या प्रतिकृतीत एक खेळणं लपवायचं, मुलाला ते दाखवायचं आणि मग खऱ्या खोलीत तसंच लपवलेलं मोठं खेळणं शोधायला सांगायचं. तीन वर्षांची मुलं ते शोधायची, अडीच वर्षांची नाही. आठवण शाबूत असायची, प्रतिकृतीतलं खेळणं दोन्ही वयांची मुलं काढून दाखवायची. एक वस्तू स्वतः वस्तूही आहे आणि दुसऱ्या कशाची तरी खूणही आहे, हे दुहेरी भान लहानांना जमत नव्हतं. लिन लिबेन आणि रॉजर डाउन्स यांनी जरा मोठ्या मुलांना खरे नकाशे दिले. तेव्हा काही मुलांना वाटलं, की नकाशात लाल दाखवलेला रस्ता प्रत्यक्षातही लालच असणार. एवढ्या बारीक रेघेवर दोन गाड्या मावणार नाहीत, असंही एकाचं म्हणणं होतं.

हा लाल रस्त्याचा प्रश्न मी जसाच्या तसा उचलून माझ्या साधनात घातला होता. माळावर विचारलं, 'नकाशात हा रस्ता लाल आहे. खरा रस्ता कोणत्या रंगाचा असेल?' मुलं म्हणाली, "लालच!" मी लिहिणार, 'खूण आणि वस्तू यांत गल्लत', एवढ्यात खाली पाहिलं. समोरचा रस्ता मुरमाचा होता. तांबूस. मुलं नकाशा वाचत नव्हती, रस्ता बघून सांगत होती आणि खरं सांगत होती. बाहेरच्या देशातलं साधन भाषांतर करून वापरणाऱ्यांनी (म्हणजे आपण बहुतेक सगळ्यांनी) हा मुरूम ध्यानात ठेवावा. त्याऐवजी आता मी नाल्याचा प्रश्न विचारते. सर्वेक्षण विभागाच्या नकाशात बारमाही पाणी निळं आणि कोरडे पडणारे ओढे-नाले काळ्या रेषेत असतात. आपल्याकडचे बहुतेक नाले काळेच. 'पाणी आहे तर ही रेघ काळी का?' यावर मुलं खरोखर विचार करतात.

आता मुक्कामाचं. एका दिवसाची सहल का पुरत नाही, असं मला माझ्या मार्गदर्शकांनीही विचारलं होतं. मुलांना पूर्व म्हणजे उगवती, एवढंच पक्कं माहीत असतं. पण जानेवारीच्या सुरुवातीला आपल्या भागात सूर्य पूर्वेपासून जवळजवळ २४ अंश दक्षिणेला सरकून उगवतो. उगवतीला पूर्व धरून किलोमीटरभर चाललात तर चारशे मीटर बाजूला जाल. ही चूक वर्गात कळत नाही आणि दिवसाच्या सहलीतही नाही, कारण बस येईपर्यंत सूर्य वर आलेला असतो. आम्ही पहिल्या संध्याकाळी जेवणाआधी माळावर गेलो. सप्तर्षी त्या दिवसांत उशिरा उगवतात, म्हणून शर्मिष्ठेवरून ध्रुवतारा शोधला. हात लांब करून क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवली. साधारण दोन मुठी. एक मूठ सुमारे १० अंशांची, आणि कारंजाचा अक्षांश साडेवीस. ध्रुवाच्या दिशेने दोन काठ्या रोवल्या, त्यांत दोरा ताणला आणि झोपायला गेलो.

सकाळी त्या दोऱ्यावर काटकोन काढून पूर्व ठरवली आणि सूर्य भलतीकडेच उगवला. गलका झाला. दोरा हलला, कुणीतरी काठी हलवली, असे आरोप झाले. मी काही बोलले नाही. मग मुलांनीच ठरवलं, की सावलीने बघू. एक मीटरची काठी, भोवती वर्तुळ. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल तिथे खडा, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे दुसरा खडा. दोन्ही जोडले की पूर्व-पश्चिम. सूर्यसिद्धान्तात शंकूची हीच रीत दिली आहे. दुपारी निकाल लागला, दोरा बरोबर होता. रात्री केलेल्या विधानाची सकाळी शंका, दुपारी तपासणी. या क्रमासाठी मुक्काम लागतो.

सर्वात लहान सावली बाराला पडली नाही, १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास पडली. "मॅडम, घड्याळ चुकलं का?" घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, कारंजा साधारण ७७.५ वर. पाच अंश, अंशाला चार मिनिटं, झाली वीस. उरलेली पाचेक मिनिटं सूर्याची स्वतःची, ती वर्षभर कमी-जास्त होतात. चौथीच्या मुलांना वीसपर्यंत नेलं, पुढचं सोडून दिलं.

तुम्हाला मात्र पुढे नेते, कारण हेच गणित खुद्द वाशिमला लागू पडतं. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूकडे जाणाऱ्या मध्यरेषेवरच्या ठिकाणांची यादी दिली आहे, तिच्यात वत्सगुल्म आहे. वाशिमच्या मध्यमेश्वर मंदिराची ओळखही याच रेषेवरून सांगितली जाते. नकाशा उघडा. उज्जैन सुमारे ७५.८ अंशांवर, वाशिम ७७.१ वर. वाशिम रेषेवर नाही, सुमारे १४० किलोमीटर पूर्वेला आहे. हसू नका. अक्षांश मोजायला काठी किंवा ध्रुवतारा पुरतो, रेखांशाला दोन गावांची एकाच क्षणाची वेळ लागते आणि ती मिळायची चंद्रग्रहणात. एक घटिका २४ मिनिटांची. ग्रहणाची वेळ पाव घटिकेने चुकली तरी गाव दीडशे किलोमीटर सरकतं. या दीड अंशाच्या आतल्या फरकात मला मोजण्याच्या साधनाची मर्यादा दिसते. आपल्या प्रबंधातही निष्कर्षाशेजारी ही मर्यादा लिहायची असते आणि आपण ती शेवटच्या प्रकरणात दोन ओळींत उरकतो.

परत आल्यावर मी पूर्वचाचणीच्या सगळ्या नोंदी बाजूला काढल्या. मार्गदर्शक म्हणाले, 'दुरुस्त करून वापर.' पण मुलाने कागद का फिरवला हे आम्ही नोंदवलंच नव्हतं, मग दुरुस्त काय करणार? सिनॉप्सिस एक सत्र पुढे गेली, फेलोशिपच्या अहवालात कारण लिहावं लागलं, घरी वेगळं ऐकावं लागलं. नव्या तक्त्यात 'योग्य रीतीने धरला' हा रकाना नाही. 'नकाशा जमिनीशी जुळवला का? कशावरून?' असा आहे आणि 'कशावरून'ला मोठी जागा सोडली आहे, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहायला. 'बराबर बसला' हेसुद्धा 'बराबर'च लिहायचं.

येत्या जानेवारीत पुन्हा जाते आहे. तुमच्यापैकी कुणी असा मुक्काम ठरवत असेल तर काठी बरोबर एक मीटरची घ्या, आणि दोरा सुती नको. रात्रीच्या दवात तो आखडतो, काठ्या वाकतात, आणि मग सकाळचे आरोप खरे ठरतात.