बुद्धिबळाच्या पटावरील दाणे

बुद्धिबळाचा शोध लावणाऱ्या विद्वानाची गोष्ट बहुतेकांच्या कानांवरून गेलेली असते. प्रसन्न झालेल्या राजाजवळ त्याने मागितले ते काय, तर पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि याप्रमाणे दुप्पट करीत चौसष्टाव्या घरापर्यंत. तेराव्या शतकातील अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान याने ही कथा नोंदवून ठेवली आहे. दाण्यांचा हिशेब मात्र अल्-बिरूनीने इ. स. १००० च्या सुमारासच केलेला होता.

तो हिशेब १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ असा भरतो. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेली दशगुणोत्तर संख्यांची नावे परार्धावर, म्हणजे एकावर सतरा शून्ये देऊन होणाऱ्या संख्येवर, येऊन थांबतात. हे दाणे १८४ परार्धांहून अधिक आहेत! दाणा चाळीस मिलिग्रॅमचा धरला, तर त्यांचे वजन सुमारे ७३,८०० कोटी टन होईल. साऱ्या जगात वर्षाकाठी ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो. तेव्हा राजाला नऊशेंहून अधिक वर्षांचे पीक मोजून द्यावे लागले असते.

संख्येच्या आकाराने दिपून जाणे सोपे; तिचे अंतरंग पाहण्यात अधिक मौज आहे. ही संख्या म्हणजे दोनाचा चौसष्टावा घात वजा एक. दोन वर्गांच्या वजाबाकीचे शाळेतले साधे सूत्र तिला पुनःपुन्हा लावीत गेले, की ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७ असे सहा अवयव हाती येतात. दोनाचा वर्ग, त्या वर्गाचा वर्ग असे करीत जाऊन प्रत्येक वेळी एक मिळवला, की याच संख्या निघतात. अशा सर्व संख्या मूळ असाव्यात, असे सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा याला वाटत होते. पहिल्या पाच तशा आहेतही. सहावीने दगा दिला. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले, की ती ६४१ आणि ६७००४१७ यांचा गुणाकार आहे. तिच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागले असता बाकी एकच उरली पाहिजे, हे एकदा कळले, की तपासायच्या संख्या उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. अवघे पाच भागाकार! फर्मासारख्याने ते का करून पाहिले नाहीत, हे कोडेच आहे.

फर्माचा तर्क चुकला, तरी त्या पाच मूळ संख्या वाया गेल्या नाहीत. १७९६ मध्ये गाउसने, वयाची एकोणीस वर्षे पुरी होण्याआधी, केवळ पट्टी व कंपास यांच्या साहाय्याने सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते, हे सिद्ध केले. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती फर्माची एखादी मूळ संख्या, किंवा अशा निरनिराळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असेल तरच हे साधते. सहावी मूळ संख्या आजवर कोणालाही सापडलेली नाही. त्यामुळे अशा ज्ञात विषमभुज आकृतींपैकी सर्वांत मोठीच्या बाजू या पाचही संख्यांच्या गुणाकाराइतक्या, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ आहेत. आणि पटाच्या पहिल्या बत्तीस घरांत मिळून दाणेही नेमके तेवढेच बसतात.