कृष्णधवल छायाचित्र टिकवायचे तर

घरी छापलेले कृष्णधवल छायाचित्र नातवंडांच्या हाती नीट पोहोचावे असे वाटत असेल, तर प्रिंटर घेताना आधी शाई पाहावी. डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो. उजेडाने आणि हवेतल्या ओझोनने तो लवकर उडतो. पिगमेंट शाईत रंगद्रव्याचे सूक्ष्म घन कण असतात, ते कितीतरी अधिक टिकतात. त्यातही कार्बनचा काळा सर्वांत भरवशाचा.

दुसरा प्रश्न करड्या छटांचा. एकच काळी शाई असलेला प्रिंटर बहुधा रंगीत शाया मिसळून करडा रंग बनवतो. त्यामुळे चित्रावर हिरवट किंवा जांभळट झाक येऊ शकते. म्हणून काळ्यासोबत करड्या शाईची स्वतंत्र कार्ट्रिज असलेला प्रिंटर निवडावा. एप्सनने २००५ मध्ये आणलेल्या अल्ट्राक्रोम के३ शाईसंचात काळ्याच्या तीन पातळ्या होत्या.

कागद आम्लमुक्त, शक्यतो कापसाच्या लगद्याचा आणि ऑप्टिकल ब्राइटनर (कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून घातलेले रसायन) नसलेला घ्यावा. मॅट कागदाला मॅट काळी, चकचकीत कागदाला फोटो काळी शाई लागते. पिगमेंट शाई नोझलमध्ये वाळते, तेव्हा अधूनमधून एखादे पान जरूर छापावे. चित्र काचेआड, उन्हापासून आणि ओलीपासून दूर लावावे.