फाइलचं कूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. फाइलचं मात्र आधी कूळच विचारावं. तेही तिच्या नावावरून नव्हे. नावामागची डॉक, डॅट ही शेपटी कुणीही बदलू शकतं. खरी ओळख आत, पहिल्या काही बाइट्समध्ये असते. वर्डची डॉकएक्स फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली की सुरुवातीलाच पी आणि के ही अक्षरं दिसतात, कारण आतून ती झिप असते. झिपचा जनक फिल कॅट्झ याची ती आद्याक्षरं. पीएनजी चित्र 137 या आकड्याने सुरू होतं.

ओळख पटली, तरी रचना उलगडायची राहतेच. समजा, हाउसिंग सोसायटीच्या जुन्या संगणकात ‘सभासद’ नावाची, बिनशेपटीची फाइल सापडली. पहिला बाइट 3. पुढचे तीन 98, 7, 14. वर्ष, महिना, दिवस! 1998 च्या 14 जुलैला कुणीतरी ती शेवटची हाताळली. इथे डीबेस-फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅमांच्या डीबीएफ फाइलचा संशय बळावतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडची किती कार्यालयं त्यावर चालायची!

पुढचे चार बाइट: 176, 4, 0, 0. इथे लहान स्थानकिमतीचा बाइट आधी लिहितात, म्हणून 176 अधिक 4 गुणिले 256, म्हणजे 1200 नोंदी. मग शीर्षभागाची लांबी 193 आणि एका नोंदीची 64. बाइट क्रमांक 32 पासून (मोजणी शून्यापासून) प्रत्येक रकान्याची 32 बाइट्सची ओळखपत्रं: नाव, मजकूर की आकडा की तारीख, आणि रुंदी. रकाने पाच, रुंदी 35, 5, 5, 8, 10, बेरीज 63. उरलेला एक बाइट कुठला, ते पुढे येतंच.

आता ताळा. 193 अधिक 1200 गुणिले 64 म्हणजे 76,993. शेवटी समाप्तीखुणेचा एक. फाइल 76,994 बाइट्सची भरली, तर अंदाज पक्का. माझ्या मते या कामात ताळ्याइतकं भरवशाचं काही नाही. पडद्यावर दोन-चार नावं नीट दिसली म्हणून लोक खूश होतात आणि चारशेव्या नोंदीपाशी रकाने घसरतात.

नावं मराठीत असतील तर वेगळी कटकट. 161 च्या वरचे आकडे दिसले, 179 म्हणजे ‘क’ धरून शब्द जुळू लागले, तर ती इस्की, भारतीय लिपींची जुनी संकेतप्रणाली. नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी असेल, तर तो कुठल्यातरी जुन्या फॉन्टचा प्रताप. त्या फॉन्टचा तक्ता मिळाल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि तो उरलेला बाइट? प्रत्येक नोंदीच्या तोंडाशी तो असतो. रिकामी जागा असेल तर नोंद चालू, तारा (*) असेल तर रद्द. डीबेसमध्ये ‘डिलीट’ म्हटल्यावर फक्त ही खूण बसते. ‘पॅक’ चालवेपर्यंत मजकूर जागेवरच राहतो. हा बाइट न पाहता यादी काढली, तर घर विकून गेलेल्यांनाही वार्षिक सभेची नोटीस जाईल.