लॅपटॉपचा पडदा फुटला तर

आता खेड्यातही लॅपटॉप आला आहे. सेवा केंद्रात तो दिसतो, कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींजवळ दिसतो. वही मिटावी तसा तो मिटतो. पण वही पडली तर फुटत नाही. लॅपटॉपचा पडदा फुटतो. तसे झाले तर काय करावे, ते आज आपण पाहू.

आमच्या शेजारच्या गावी एक शेतकरी भाऊ आहेत. मानवतच्या बाजारात कापूस विकून त्यांनी लेकीला लॅपटॉप घेऊन दिला. लेक परभणीला शिकते. संक्रांतीला ती घरी आली. रात्री अभ्यास झाला, लॅपटॉप मिटला, पण आत पेन राहिला! सकाळी उघडून पाहते तो पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा, आणि शाई सांडल्यासारखा काळा डाग.

भाऊ एका दुकानात गेले. दुकानदाराने नीट पाहिलेही नाही. म्हणाला, "सगळंच गेलं. नवा घ्या."

भाऊ आमच्याकडे आले. "गुरुजी, परीक्षा तोंडावर आली. लेकराचा सगळा अभ्यास त्याच्यात हाय. आता पैसे कुठून आणू?"

आम्ही विचारले, "विहिरीवरची मोटार बंद पडली, तर लगेच नवी आणता काय?"

"नाही. आधी फ्यूज बघतो, स्टार्टर बघतो."

"मग इथेही तसेच करू."

आधी दोष ओळखा

पडदा म्हणजे दोन पातळ काचा. त्यांच्यामध्ये द्रवाचा पातळ थर असतो. मागे बारीक दिवे असतात. काच तडकली की ती सांधता येत नाही. पडदा नवाच बसवावा लागतो. पण साठवलेली माहिती खालच्या भागात, बटणांच्या खाली असते. पडद्याबरोबर ती जात नाही.

भेग नाही, पण झाकण हलवले की चित्र येते-जाते, असे झाले तर बिजागरीजवळची वायर सैल किंवा खराब असू शकते. पडदा अंधारा आहे, पण बॅटरीच्या उजेडात चित्र पुसट दिसते, तर दोष बहुधा मागच्या दिव्यांचा असतो. अशा वेळी घाईने पडदा बदलू नये.

फुटलेल्या पडद्यावर बोट दाबू नका. त्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे काचेचे कण सांडणार नाहीत. द्रव हाताला लागला तर साबणाने हात धुवा.

मग लॅपटॉप एचडीएमआय वायरने घरच्या टीव्हीला जोडा. आम्ही तसेच केले. टीव्हीवर चित्र दिसले! म्हणजे यंत्र शाबूत, फक्त पडदा गेला. लेकीने सगळा अभ्यास पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला. भाऊंच्या जिवात जीव आला.

कारागीर कसा निवडावा?

प्रथम खरेदीची पावती काढा. हमीची मुदत बाकी असेल तर कंपनीच्या केंद्रात विचारा. मात्र पडून किंवा दाबून फुटलेला पडदा साध्या हमीत बहुधा बसत नाही. कंपनीचा फोन नंबर हमीच्या कागदावरून घ्या. मोबाइलवर शोधून मिळालेला नंबर ठगाचाही असू शकतो. ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या नंबरवर कळवा.

दुसरीकडे न्यायचा असेल तर निदान दोन दुकानांत भाव विचारा. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. तसेच इथे विचारा:

१. पडदा नवा की जुना?
२. मजुरी धरून एकूण किती रुपये?
३. हमी किती दिवसांची?
४. जुना पडदा परत मिळेल काय?

लॅपटॉपच्या खाली चिठ्ठी असते. तिच्यावरचा नंबर पावतीत लिहून घ्या. परत घेताना दुकानातच चालू करा. चारही कोपरे पाहा. झाकण उघडून मिटून पाहा. वरचा कॅमेराही तपासा.

फसलो तर?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे देऊन घेतलेली दुरुस्तीही त्यात येते. १९१५ या नंबरवर मराठीत तक्रार सांगता येते. तेवढ्याने भागले नाही, तर परभणीला जिल्हा ग्राहक आयोग आहे. तेथे दोन वर्षांच्या आत दावा करावा. पण तेथे पुरावा लागतो. पुरावा म्हणजे पावती.

भाऊंनी परभणीला पडदा बसवून घेतला. दुकानदाराने पावती दिली. भाऊ साक्षरता वर्गात नुकतेच वाचायला शिकले आहेत. पावतीवर बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवून त्यांनी ती वाचली. मग म्हणाले, "मालक, तुम्ही तीन महिन्यांची हमी बोललात. ती इथं लिहिलेली नाही."

दुकानदाराने मुकाट्याने लिहून दिली.

ती पावती आज सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवली आहे. लेकीने परीक्षा दिली. आणि आता लॅपटॉप मिटण्याआधी ती आत हात फिरवून पाहते.