ग्राहकाची भाषा आणि ग्राहकाचा विश्वास
अमेरिकेतील घरांच्या दलालीपासून घेण्यासारखा धडा

अमेरिकेत घरांची बहुतेक खरेदी-विक्री इस्टेट एजंटमार्फत होते. एजंटला राज्य सरकारचा परवाना घ्यावा लागतो आणि सौदा पुरा झाल्यावरच त्याला दलाली मिळते. या धंद्यात गेल्या तीसेक वर्षांत एका ग्राहकवर्गाकडे सर्वांचे लक्ष लागले आहे. तो वर्ग म्हणजे हिस्पॅनिक, अर्थात स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेले लोक व त्यांची मुलेबाळे. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे शंभरात सुमारे १९ भरली. गोऱ्या कुटुंबांपैकी जवळपास तीनचतुर्थांश स्वतःच्या घरात राहतात, तर हिस्पॅनिक कुटुंबांत हे प्रमाण २०२३ मध्ये निम्म्याहून थोडे कमीच होते. तरुण कुटुंबे पुष्कळ आणि स्वतःची घरे कमी, अशा समाजात मागणी वाढणारच हे कोणाही व्यापाऱ्याच्या ध्यानात येईल. या ग्राहकांत काम करणाऱ्या एजंटांची एक राष्ट्रीय संघटनाही १९९९ मध्ये सॅन दिएगो येथे स्थापन झाली.

नाव एक, ग्राहक अनेक

हिस्पॅनिक हे नाव एक असले तरी ग्राहक एकसारखा नाही. निम्म्याहून अधिक लोक मूळचे मेक्सिकोचे आहेत. मायामीत क्युबाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. पोर्तो रिकोचे लोक तर १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकच आहेत. आजीला फक्त स्पॅनिश येते, वडील दोन्ही भाषांत व्यवहार करतात आणि मुलगा इंग्रजीतच विचार करतो, असे एका घरातही दिसते. घर मात्र सर्वांच्या विचाराने घेतले जाते. म्हणून इंग्रजी जाहिरातीचे शब्दशः भाषांतर करून छापले की काम झाले, असे समजणारा एजंट फसतो.

पैशाची रीतही निराळी असते. एका घरात तीन-चार कमावते हात असतात. पुष्कळांची मजुरी रोखीत मिळते. मेक्सिकन लोकांत ‘तांदा’ नावाची पद्धत आहे. दहा-बारा जण दरमहा ठरावीक रक्कम जमवतात आणि ती पाळीपाळीने एकेकाला मिळते. आपल्याकडील भिशीच ती! अशा कुटुंबाची पत शेजारीपाजारी पक्की असते. पण बँकेच्या दप्तरी तिची नोंद नसते. कोणत्या पावत्या जपाव्यात, कर कसा भरावा, बँकेत व्यवहार कसा दाखवावा, हे वर्षभर आधी समजावून सांगणारा एजंटच पुढे त्या कुटुंबाचे घर करून देतो.

ओळखीच्या शब्दाचा धोका

भाषेने विश्वास लवकर बसतो, आणि धोकाही तेथेच आहे. ‘नोतारियो’ या शब्दाचे उदाहरण घ्या. लॅटिन अमेरिकेतील बहुतेक देशांत नोतारियो हा कायद्याचे उच्च शिक्षण घेतलेला अधिकारी असतो. अमेरिकेतील नोटरी फक्त सही-शिक्क्याची साक्ष देतो. या सारख्या नावाचा फायदा घेऊन अनेकांनी भोळ्या लोकांना लुबाडले आहे.

याहून मोठा घात २००८ पूर्वीच्या तेजीत झाला. अनेक ठिकाणी बोलणी गोड स्पॅनिशमध्ये झाली आणि सही इंग्रजी कागदांवर घेतली गेली. सुरुवातीला हप्ता लहान, दोन-तीन वर्षांनी व्याज चढते, हे कलम पुष्कळांना सही करताना समजलेच नाही. कंट्रीवाइड या कर्ज देणाऱ्या कंपनीने २००४ ते २००८ या काळात दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक कर्जदारांकडून जादा आकार घेतला किंवा त्यांना महागड्या कर्जात ढकलले, असा सरकारचा आरोप होता. ते प्रकरण २०११ मध्ये ३३ कोटी ५० लाख डॉलरवर मिटले. व्याजाचा प्रश्न आपल्यासाठी मुळातच निकालात निघालेला आहे. परंतु फसवणुकीची ही रीत सर्वच धंद्यांत संभवते, म्हणून ती ओळखली पाहिजे.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेच्या १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने वंश, वर्ण, धर्म वा मूळ देश पाहून घर नाकारण्यास मनाई केली आहे. स्पॅनिशमध्ये जाहिरात करता येते. मात्र “त्या वस्तीत तुमचे लोक आहेत, तिकडेच घर पाहा” असे सांगून ग्राहकाला वळवणे बेकायदा ठरते. मुंबई-पुण्यात नाव ऐकताच घर नाकारल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना या तरतुदीचे मोल वेगळे सांगावयास नको. कॅलिफोर्नियात तर ठरावीक प्रकारच्या करारांची बोलणी स्पॅनिशमध्ये झाली असल्यास सहीपूर्वी कराराचे स्पॅनिश भाषांतर द्यावे लागते. ऑगस्ट २०२४ पासून एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार घर दाखवण्यापूर्वीच खरेदीदाराशी लेखी करार करून दलालीचा आकडा स्पष्ट लिहावा लागतो. तेव्हा ग्राहकाला समजेल अशा भाषेत कागद वाचून दाखवणे ही आता एजंटची पहिलीच पायरी झाली आहे.

आपल्यासाठी बोध

या साऱ्याचे सार एका वाक्यात सांगता येईल. ज्या भाषेत ग्राहकाला बोलावले, त्याच भाषेत त्याला अटी, उणिवा व एकूण खर्च सांगावा. जाहिरात ग्राहकाला दारापर्यंत आणते; दुसऱ्यांदा त्याला व्यवहारच आणतो. या धंद्यात नवे ग्राहक जुन्या ग्राहकाच्या भावा-मेहुण्यांतून येतात. एकाला फसवले की सारे कुटुंब जाते.

आपले कारागीर व दुकानदारही निरनिराळ्या भाषांच्या ग्राहकांशी व्यवहार करतात. मालातील दोष लपवून विकणे इस्लामने नाजायज ठरवले आहे. ग्राहकाला न समजणाऱ्या भाषेत दोष लिहून ठेवणे हेही लपवणेच होय. पावतीवरील अटी, परतीचा नियम, दुरुस्तीची मुदत या गोष्टी समोरच्याला समजतील अशा शब्दांत तोंडी सांगाव्यात आणि लिहूनही द्याव्यात. त्याला खर्च फारसा नाही. ग्राहकाचा विश्वास ही अमानत आहे, आणि अमानत सांभाळणाऱ्याच्या रोजीत बरकत असते.