अनारसे आणि अधिक मास

दिवाळींतील अनारसा हा फराळाच्या ताटांतील अनेकांपैकीं एक. अधिकांतील अनारशास मात्र शास्त्राचा आधार आहे. ऋग्वेदांत तुपाच्या अपूपाचा उल्लेख येतो, आणि पाणिनीनेंहि एका सूत्रांत अपूपादि गणाचा निर्देश केला आहे. अपूप ही सामान्य संज्ञा; अनारसा हा त्यांतील आपल्याकडील एक प्रकार होय. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनीं शके १७१२ त रचिलेल्या धर्मसिंधूंत, मलमासीं ३३ अपूप कांस्यपात्रांत घालून दान करावे, असें सांगितलें आहे.

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत भात हेंच मुख्य पीक असल्यामुळें तांदळाची ददात नाहीं. अडचण आहे ती पावसाची. अधिक मास बहुधा चैत्र ते आश्विन या अवधींत येतो. इ. स. २०२३ प्रमाणें अधिक श्रावण आला, म्हणजे तोरणा-राजगडाच्या पायथ्याशीं तांदूळ वाळवावा कोठें? जुना तांदूळ रोज पाणी बदलून तीन दिवस भिजवावा, सावलींत फडक्यावर पसरावा, किंचित् दमट असतांच कुटून बारीक चाळावा, समभाग गूळ व थोडें तूप घालून मळावा आणि गोळे बरणींत ठेवावे, ही रीत सर्वश्रुत आहे. परंतु पिठांत ओल अधिक राहिली कीं कढईंत अनारसा हसतो. हसतो म्हणजे तुपांत फुटून विरून जातो. त्या वेळीं घरांतील बायकांस मात्र हसूं येत नाहीं! म्हणून जाणत्या बायका उन्हाळ्यांतच पीठ गुळांत मळून ठेवितात. तें कित्येक आठवडे टिकतें, व आंबल्यानें जाळीहि चांगली पडते. पुढें खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आंचेवर न उलटतां, वरून तूप उडवीत तळावा.

आतां दानाविषयीं. शास्त्रांत हें दान ब्राह्मणास सांगितलें आहे. जावई विष्णुस्वरूप मानून त्यास वाण देण्याचा प्रघात लोकाचाराचा. तो गोड आहे खरा. पण काशाच्या जागीं चांदीचें ताट, त्याबरोबर वस्त्रें, अंगठी, अशी यादी वाढत चालली आहे, आणि मुलीच्या आईबापांस महिना लागण्यापूर्वींच तिचा धाक पडतो. ज्या घरीं तीन मुली, त्यांनीं काय करावें? चांदीस ग्रंथाधार नाहीं. मुलीकडील मंडळी हें बोलूं शकत नाहींत. तेव्हां मुलाकडील वडील माणसांनींच सासुरवाडीस आगाऊ कळवावें कीं, ३३ अनारसे व एक दिवा पुरे, आणि अनारसे हसलेच तर बत्तासेहि चालतील.