संगणकास पडणारे खंडणीचे कुलूप : ओळख, उपाय व प्रतिबंध

सडक-अर्जुनी तालुक्यातील सौंदड हे गाव राष्ट्रीय महामार्ग आणि गोंदिया–बल्लारशा लोहमार्ग या दोहोंवर वसलेले असले, तरी आसपासच्या मुलखाचा जीव धानाच्या शेतीत आहे. येथील जाणता शेतकरी पुढील हंगामाचे बियाणे खाण्याच्या धानात मिसळून ठेवीत नाही. ते निराळे वाळवून निराळ्या जागी ठेवतो. हेतू हा की, एका कणगीला कीड लागली तरी पेरणी अडू नये.

शिक्षकाच्या घरच्या संगणकावर आज गुणपत्रके, शिष्यवृत्तीच्या याद्या, पोषण आहाराचे हिशेब आणि कुटुंबाची छायाचित्रे अशी नाना प्रकारची ठेव साठलेली असते. या ठेवीचे ‘बियाणे’ आपण वेगळे राखले आहे काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा. कारण ही ठेव एका रात्रीत कुलूपबंद करून तिच्या सुटकेसाठी पैसे मागणारा एक उपद्रव सांप्रत जगभर पसरला आहे. त्यास ‘रॅन्समवेअर’, म्हणजेच खंडणीखोर आज्ञावली, असे म्हणतात.

१. उपद्रवाचे स्वरूप

मुले आपापसांत ‘च’ची भाषा बोलतात. ज्यास तिचा नियम ठाऊक असतो, त्यासच बोलण्याचा अर्थ कळतो. खंडणीखोर आज्ञावली हेच करते. ती आपल्या धारिका, म्हणजे फाईली, एकेक करून गूढ लिपीत बदलून टाकते. भेद एवढाच की, येथील नियम गणिताच्या दृष्टीने इतका कठीण असतो की किल्लीवाचून तो उलगडणे बहुधा अशक्य होते. आणि किल्ली तर गुन्हेगाराकडे असते.

हा प्रकार अगदी नवा नाही. डिसेंबर १९८९ मध्ये एड्स रोगाची माहिती देण्याच्या मिषाने सुमारे २०,००० फ्लॉपी तबकड्या टपालाने अनेक देशांत धाडल्या गेल्या. त्या वापरणाऱ्यांचे संगणक काही काळाने अडले आणि १८९ डॉलर पनामा देशातील एका टपालपेटीच्या पत्त्यावर पाठविण्याची मागणी पडद्यावर झळकली. आज टपालाची जागा ई-मेलने व पेनड्राइव्हने घेतली आहे, आणि पैसे आभासी चलनात मागितले जातात.

२. लक्षणे

पुढील चिन्हे दिसताच सावध व्हावे :

(अ) नेहमीच्या फाईली उघडेनाशा होतात व त्यांच्या नावापुढे अपरिचित शेपूट जोडलेले दिसते.

(आ) प्रत्येक फोल्डरमध्ये एकाच नावाची एक नवी चिठ्ठी आढळते. तीत रक्कम, मुदत व संपर्काचा पत्ता दिलेला असतो.

(इ) आपण काही काम करीत नसताही संगणक मंदावतो आणि त्याची तबकडी अखंड चालत राहते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. कित्येकदा इंटरनेट पाहत असता ‘आपला संगणक पोलिसांनी बंद केला आहे, अमुक क्रमांकावर दूरध्वनी करा’ अशी सूचना पडद्यावर येते. अशा वेळी संगणक पुन्हा चालू करून पाहावा. आपल्या फाईली पूर्ववत उघडत असतील, तर ती बहुधा केवळ भीती घालणारी खोटी पाटी होय. त्या क्रमांकावर दूरध्वनी करू नये.

३. बाधा झाल्यावर काय करावे

प्रथम संगणकाचा इंटरनेटशी असलेला संबंध तोडावा, तसेच जोडलेले पेनड्राइव्ह व बाह्य तबकडी काढून घ्यावी. डोळ्यांदेखत फाईली बदलतच असतील तर संगणक सरळ बंद करावा. चांगली प्रत असलेली तबकडी या वेळी घाईने जोडून पाहण्याचा मोह होतो, परंतु तो कटाक्षाने टाळावा. नाही तर तीही बाधित होईल.

दुसरे, खंडणीच्या चिठ्ठीचे भ्रमणध्वनीने छायाचित्र घ्यावे. शासनाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर अथवा पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. पैसे दिले गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

तिसरे, दुसऱ्या निर्दोष संगणकावरून ‘नो मोअर रॅन्सम’ हे संकेतस्थळ पाहावे. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल व संगणक-सुरक्षेच्या कंपन्यांनी ते जुलै २०१६ मध्ये सुरू केले. तेथे कुलपाचा प्रकार ओळखता येतो, आणि काही प्रकारांच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात. मात्र किल्ली वापरण्यापूर्वी उपद्रवी आज्ञावली काढून टाकणे अवश्य आहे, अन्यथा उघडलेल्या फाईली ती पुन्हा बंद करील.

किल्ली न मिळाल्यास कुलूपबंद फाईली एका वेगळ्या तबकडीवर जपून ठेवाव्यात. मे २०१६ मध्ये ‘टेस्लाक्रिप्ट’ या उपद्रवाच्या कर्त्यांनी स्वतःच मुख्य किल्ली प्रसिद्ध केली, आणि ज्यांनी अशा फाईली फेकून दिल्या नव्हत्या त्यांना त्या परत मिळविता आल्या. त्यानंतर संगणकाची तबकडी पूर्ण पुसून विंडोज नव्याने बसवावे, हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. अशा उपद्रवाबरोबर पासवर्ड चोरणारी आज्ञावलीही पुष्कळदा येते. यास्तव बँकेचे व शालेय कामाचे सर्व पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलावेत.

४. खंडणी द्यावी काय?

देऊ नये. पैसे घेऊन किल्ली देण्यास गुन्हेगार बांधलेला नसतो, व कित्येकदा त्याच्यापाशी ती नसतेही. दि. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नामक उपद्रवाने मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. त्यात पडद्यावर खंडणीची मागणी होती खरी, पण त्या आज्ञावलीची रचनाच अशी होती की पैसे देऊनही फाईली परत मिळणे शक्य नव्हते.

हे टर्मिनल चालविणारी संस्था डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहातील होती. त्या कंपनीच्या जगभरच्या संगणकजाळ्याची मुख्य नोंद ठेवणारे सारे संगणक एकाच दिवशी निकामी झाले. बचावला तो घाना देशातील एक. आणि तोही अशासाठी की, हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेल्याने तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून कंपनीने आपले जाळे पुन्हा उभारले. वीज जाण्याचा त्रास आपल्याकडेही काही अपरिचित नाही. परंतु जे तुटलेले असते ते वाचते, हा धडा त्यातून घेण्याजोगा आहे.

५. प्रतिबंध

(अ) प्रती : महत्त्वाच्या प्रत्येक फाईलीच्या मूळ धरून तीन प्रती असाव्यात. त्या दोन भिन्न साधनांवर ठेवाव्यात, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. बाह्य तबकडी प्रत घेण्यापुरतीच जोडावी व लगेच काढून ठेवावी. सदैव जोडलेली तबकडी म्हणजे खाण्याच्या धानात ठेवलेले बियाणेच होय. महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखादी फाईल उघडून पाहावी.

(आ) दुरुस्त्या : मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक ग्रासले. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिली होती. ज्यांनी ती वेळीच बसविली, ते त्या मार्गाने होणाऱ्या हल्ल्यापासून वाचले. विंडोजच्या दुरुस्त्या पुढे ढकलू नयेत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात असावे.

(इ) चोरट्या आज्ञावली : मराठी टंकलेखनाची वा अन्य कामाची विकत मिळणारी आज्ञावली ‘क्रॅक’ करून फुकट घेणे हा घरगुती संगणकास बाधा होण्याचा एक राजमार्ग आहे. युनिकोड मराठी लिहिण्याची सोय विंडोजमध्येच विनामूल्य असते.

(ई) फसवी नावे : ‘पगारपत्रक.पीडीएफ.ईएक्सई’ अशा नावाची फाईल पगारपत्रक नसून आज्ञावली असते. फाईलीच्या नावाचे शेवटचे अक्षरगट दिसतील अशी मांडणी करून ठेवावी, आणि अनोळखी पत्रातील ‘मजकूर सक्षम करा’ ही सूचना मानू नये.

(उ) पेनड्राइव्ह : एकच पेनड्राइव्ह शाळा, छपाईचे दुकान व घर असा फिरत असेल, तर उघडण्यापूर्वी विंडोजच्या अंगभूत संरक्षक आज्ञावलीने तो तपासावा.

समारोप

आपल्या शाळेतील दाखल-खारीज नोंदवही पिढ्यान्‌पिढ्या कपाटात जपली जाते, कारण एखाद्याची जन्मतारीख अनेक वर्षांनंतरही तीतूनच सिद्ध करावयाची असते. संगणकावरील नोंदीही त्याच योग्यतेच्या आहेत. त्या हरवल्या तर शिक्षकाचा वेळ जाईलच, पण एखाद्या मुलाची शिष्यवृत्तीही अडेल. तरी शिक्षक बंधुभगिनींनी हा लेख वाचून संपताच एक बाह्य तबकडी काढावी, आवश्यक फाईलींची प्रत तीवर घ्यावी, आणि ती तबकडी संगणकापासून वेगळी करून कपाटात ठेवावी. येणाऱ्या हंगामाचे बियाणे आजच वेगळे काढून ठेवलेले बरे.